कात्रीबाईंचा चुकलेला निकाल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बाई ती एकोणिसाव्या वर्षी चढल्या, पण भांडायला नव्हे, टंकलेखक म्हणून. वडील टपाल कार्यालयात पत्रं निवडायचे, आई घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची आणि पाठची तीन भावंडं अजून तेच गणवेश घालायच्या वयाची होती. थोरलीनं हातभार लावायचा, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

जिल्हा न्यायालयाच्या जिन्याखाली एक लांबोडकी खोली होती. तिथे सहा यंत्रं दिवसभर खडखडत असायची. न्यायाधीश तोंडी निकाल सांगायचे, बाई तो लघुलिपीत उतरवून घ्यायच्या आणि खाली येऊन टंकायच्या. वर्षभरात त्यांच्या ध्यानात आलं की साहेब लोक एकच गोष्ट तीनदा सांगतात. पहिल्यांदा सुचली म्हणून, दुसऱ्यांदा आवडली म्हणून आणि तिसऱ्यांदा आधी सांगितल्याचं विसरले म्हणून. एके दिवशी त्यांनी एका निकालातले दोन परिच्छेद सरळ गाळून टाकले.

साहेबांनी कागद वाचला. चष्मा कपाळावर सरकवला.

"माझे दोन परिच्छेद कुठे गेले?"

"साहेब, ते पहिल्या पानावर आहेत. तेच पुन्हा होते."

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीची नोकरी गेली, असं त्यानं मनातल्या मनात लिहूनही टाकलं. साहेबांनी पहिलं पान परत वाचलं, घशातल्या घशात काहीतरी पुटपुटले आणि सही ठोकली. आठवड्यानंतर जाता जाता म्हणाले, "संध्याकाळच्या कॉलेजात कायदा शिकवतात. माहीत आहे ना?"

त्या एका वाक्यावर बाईंनी सहा वर्षं काढली. दिवसा टंकन, संध्याकाळी वर्ग. मग अकरा वर्षं वकिली, पंधरा वर्षं जिल्ह्यात न्यायाधीश आणि बावन्नाव्या वर्षी राज्याच्या अपील न्यायालयात. तोवर वकील मंडळींनी त्यांचं बारसं करून टाकलं होतं. युक्तिवादाला फाटे फुटले की बाई मान वर न करता म्हणायच्या, "हे झालं. पुढे." म्हणून त्या कात्रीबाई. नाव त्यांच्याही कानावर आलं होतं. त्यांना ते आवडायचं.

अपील न्यायालय म्हणजे काय, हे बाईंच्या आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "म्हणजे साक्षीदार नाहीत, आरोपी नाही, कुणी रडत नाही, ओरडत नाही. मग तुम्ही तिथे करता तरी काय?" ती विचारायची.

"वाचतो," बाई सांगायच्या.

तेच खरं होतं. खालच्या कोर्टात जे घडलं ते कागदावर येऊन थांबायचं आणि ते कागद तिसऱ्या मजल्यावर चढायचे. तीन न्यायमूर्ती ते वाचायचे, वकिलांचं अर्धा-अर्धा तास ऐकायचे आणि खालच्यांचं बरोबर की चूक ते ठरवायचे. बाईंच्या खोलीत राखाडी कपाटं होती, एक खिडकी होती आणि पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. त्या खुर्च्यांवर फायली बसायच्या, पाहुणे उभे राहायचे. महिन्याला चाळीसएक प्रकरणं यायची. चाळीस उरकली की पुढची चाळीस दारात हजर. पहिली दोन वर्षं बाईंना वाटलं की ढीग कमी होईल. तिसऱ्या वर्षी त्यांनी तो नाद सोडला. डोळ्यांत दिवसातून चार वेळा औषध घालावं लागायचं, उजवा खांदा हाताबरोबर वर येईनासा झाला होता आणि रविवारी सकाळीसुद्धा त्या दमलेल्याच उठायच्या.

घरी नवरा होता. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, बोलका, भिंतीवर नकाशे लावणारा माणूस. बाई घरात शिरल्या की तो पेपर खाली ठेवून म्हणायचा, "या न्यायमूर्ती. आज किती जणांना पाणी पाजलंत?"

"अहो, चहा टाका आधी."

"हुकूम सर आँखों पर."

बाई सत्तावन्न वर्षांच्या असताना हा बोलका माणूस जिन्यात छाती धरून खाली बसला. शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली, दुसऱ्यांदा उघडावी लागली. तीन महिने बाई कोर्टातून थेट इस्पितळात जायच्या. सहाव्या वॉर्डाबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. तिथे बसून मांडीवर फाइल घेऊन वाचायच्या. मुलगी परगावी होती, तिची तान्ही मुलगी आजारी. ती फोनवर रडायची, बाई तिची समजूत काढायच्या आणि फोन ठेवून पुन्हा पान उलटायच्या. रजा घ्या असं त्यांना दोघा-तिघांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, "बघू." बघायचं राहूनच गेलं.

त्या तीन महिन्यांत त्यांच्यासमोर लिफ्ट मेकॅनिकचं प्रकरण आलं.

एका सात मजली इमारतीतली लिफ्ट पाचव्यावरून सुटली आणि खाली येऊन आदळली. आत एक म्हातारे गृहस्थ होते, ते गेले. आदल्या दिवशी लिफ्ट तपासून गेलेला मेकॅनिक पोलिसांनी धरला. तो म्हणत होता, "दोर झिजलाय, लिफ्ट बंद ठेवा, असं मी मॅनेजरला तोंडी सांगितलं आणि नोंदवहीतही लिहिलं." इमारतीचा मॅनेजर म्हणत होता, "मला कुणी काही सांगितलं नाही." नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स कोर्टापुढे होती. तिच्यावर तारीख होती, मेकॅनिकची सही होती आणि शेरा लिहायची जागा कोरी होती. खालच्या कोर्टानं सहा वर्षांची शिक्षा दिली.

अपिलात मेकॅनिकच्या वकिलानं बावीस पानं लिहिली होती. सरकारनं नेमून दिलेला वकील, डोक्यावर शंभर प्रकरणं. एकोणिसाव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. 'मूळ नोंदवही न्यायालयाच्या ताब्यात आहे, ती पाहिली जावी.' का पाहिली जावी, ते त्यानंही लिहिलं नव्हतं. त्याला ते ठाऊकच नव्हतं.

बाईंनी ती ओळ वाचली. हे त्यांना पुढे लख्ख आठवायचं, त्यांनी ती वाचली होती. झेरॉक्स दोन्ही बाजूंनी मान्य केलेली आहे, मग मूळ वही कशाला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पान उलटलं. तेवढ्यात वॉर्डाचं दार उघडून नर्स बाहेर आली, "त्यांना भूक लागलीय म्हणतात," असं हसून म्हणाली आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन आठवड्यांनी त्यांनी निकाल लिहिला. साडेचार पानं, नेमकी, एकही शब्द जास्त नाही. अपील फेटाळलं. उरलेल्या दोघांनी सह्या केल्या. अध्यक्ष न्यायमूर्ती म्हणाले, "सुरेख लिहिलंय. असं लिहायला शिकवलं पाहिजे लोकांना."

नवरा घरी आला, हिंडूफिरू लागला. बाईंच्या पुढ्यात पुढची चाळीस आली. लिफ्ट मेकॅनिकचा त्यांना विसर पडला.

विसर पडला नव्हता तो मेकॅनिकच्या मोठ्या बहिणीला. ही बहीण एका कचेरीच्या समोर झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. दिवसभर यंत्रापुढे उभी राहून कागद सरकवायचे. भाऊ तुरुंगात गेल्यापासून ती महिन्यातून दोनदा त्याला भेटायला जायची. पहिल्या वर्षी तो ठासून सांगायचा, "ताई, मी लिहिलं होतं." दुसऱ्या वर्षी म्हणायचा, "लिहिलं होतं असं वाटतंय गं." चौथ्या वर्षी तो त्या गोष्टीवर बोलेनासा झाला.

एके दिवशी दुकानात एक गवंडी आला. बांधायच्या ओट्याचा नकाशा त्यानं कागदावर काढून आणला होता. बहिणीनं तो यंत्रात घातला. बाहेर आला तो जवळजवळ कोरा कागद.

गवंडी म्हणाला, "अहो ताई, माझा ओटा कुठे गेला?"

"पेन्सिलनं काढलाय ना, फिकट आहे. थांबा, गडद करून काढते," असं ती सवयीनं म्हणाली. हे वाक्य तिनं आजवर हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी मात्र तिचा हात बटणावरच राहिला. तिचा भाऊ पंधराव्या वर्षापासून कानावर पेन्सिल ठेवून हिंडायचा. लिफ्टच्या खोलीत वही भिंतीला टेकवून उभ्यानं लिहावं लागतं, तिथे पेन चालत नाही, हे त्यानंच तिला कधीतरी सांगितलं होतं.

तिनं मालकाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली आणि कोर्ट गाठलं.

कोर्टाच्या तळघरात मुद्देमालाची खोली होती. खटल्यात पुरावा म्हणून आलेल्या वस्तू तिथे पिशव्यांत सीलबंद ठेवलेल्या असायच्या. तिथला रखवालदार कारकून जुना, दम्याचा, नियमांचा पक्का होता. त्यानं तिला तीन अर्ज करायला लावले, दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला सही-शिक्का सगळं जुळलं तेव्हा त्यानं पिशवी आणली, तिच्यासमोर सील तोडलं आणि वही टेबलावर उघडून ठेवली. तारीख आणि सही पेननं होती, खाली येऊन केलेली. शेऱ्याच्या जागी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, फिकट, पण वाचता येण्यासारखं. 'दोर झिजला. लिफ्ट बंद ठेवा. मॅनेजरला सांगितले.'

कारकुनानं ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तिला म्हणाला, "बसा. खुर्चीवर बसा आधी. पाणी आणतो."

तिनं फेरविचाराचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. कायद्यातलं एकही कलम त्यात नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'चोर सोडून संन्याशाला सुळी दिली असे आमच्या आईने म्हटले. आई आता नाही. वही तुमच्याच घरात होती, ती एकदा बघा.'

अर्ज फिरत फिरत त्याच तिघांसमोर आला. बाईंच्या सहायिकेनं तो इतर कागदांबरोबर सकाळी टेबलावर ठेवला. बाईंनी तो वाचला आणि चार वर्षांपूर्वीचा आपला निकाल मागवला. मग वकिलाची बावीस पानं मागवली. एकोणिसाव्या पानाच्या तळाशी त्यांचं बोट थांबलं. त्या ओळीशेजारी समासात एक बारीक खूण होती. वाचून झालेल्या मजकुराशेजारी तशी खूण करायची बाईंची सवय होती.

त्या खाली तळघरात गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कारकून धडपडत उभा राहिला. बाईंनी वही पाहिली, कितीतरी वेळ पाहिली. वर जायला निघाल्या तेव्हा जिन्याच्या मधल्या वळणावर त्यांना थांबावं लागलं. कारकून मागून आला, "मॅडम, बरं वाटतंय ना?"

"वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पण चालेल."

दुपारी अध्यक्ष न्यायमूर्तींच्या खोलीत बैठक झाली. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. वर्षभरात निवृत्त होणार होता आणि सगळं शांततेत पार पडावं एवढीच त्याची इच्छा होती.

"मुदत संपून तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "अर्ज मुदतीबाहेर आहे, एवढ्यावर फेटाळता येतो. माणूस तसाही दीडेक वर्षात सुटेल. आणि नाहीच जमत तर तुम्ही बाजूला व्हा, प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे जाईल. ते करतील काय ते. तुमचं नावही यायचं नाही."

"दुसऱ्या खंडपीठाला किती वेळ लागेल?"

"सात-आठ महिने."

"ते महिने तो आत काढणार."

"बाई, पुराव्याची जबाबदारी त्याच्या वकिलाची होती. खालच्या कोर्टाची होती. सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर कशाला फोडून घेता?"

"सगळं नाही घेत," बाई म्हणाल्या. "माझ्या वाट्याचं घेते. वकिलानं लिहिलं होतं. मी वाचलं होतं."

तिसरे न्यायमूर्ती वयानं लहान होते. त्यांनी पाण्याचा ग्लास उगाच फिरवला आणि म्हणाले, "मीही सही केली होती. मी तर एकोणिसाव्या पानापर्यंत पोचलोही नव्हतो."

अध्यक्षांनी टेबलावरची डायरी ओढली. मग म्हणाले, "शुक्रवारी ठेवा."

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "अगं, तू तेव्हा माझ्यापायी..."

"ते बोलू नका," बाईंनी त्याला तोडलं. "तुमचं नाव त्यात घालायचं नाही. मी निकालात लिहू का, की माझा नवरा आजारी होता म्हणून एक माणूस चार वर्षं तुरुंगात बसला?"

नवऱ्यानं उठून चहा टाकला.

शुक्रवारी मेकॅनिकला तुरुंगातून आणलं. अपिलात आरोपीला बोलावत नाहीत, पण बाईंनी आग्रह धरला होता. चाळिशीचा माणूस, केस पांढरे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मागच्या बाकावर बहीण. वही त्याच्यापुढे धरली तेव्हा त्यानं ती हातात घेतली नाही, नुसता वाकून बघत राहिला.

"तुम्हाला काही बोलायचं आहे?" बाईंनी विचारलं.

त्यानं मान हलवली, मग बोलला. "मला वाटायला लागलं होतं की मीच विसरलो. त्या म्हाताऱ्या माणसाला मीच मारलं असं वाटायचं. ते तेवढं..." त्यानं वळून बहिणीकडे पाहिलं.

त्याच दिवशी त्याला सोडलं. निकाल बाईंनी स्वतः लिहिला. त्यात एक वाक्य असं होतं: 'आधीचे निकालपत्र मी लिहिले होते. मूळ नोंदवही पाहावी ही विनंती माझ्या नजरेखालून गेली होती आणि मी ती पाहिली नाही.' अध्यक्ष म्हणाले, हे वाक्य कायद्याच्या दृष्टीनं अनावश्यक आहे. बाई म्हणाल्या, राहू द्या. दोन वर्तमानपत्रांनी ते वाक्य चौकटीत छापलं. एकानं बाईंच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, दुसऱ्यानं त्यांचा राजीनामा मागितला. बाईंनी दोन्ही वाचलं आणि त्यांना दोन्ही पटलं. राजीनामा त्यांनी दिला नाही. दोन-तीनदा लिहून मात्र पाहिला.

वर्षानं अध्यक्षपद रिकामं झालं. ज्येष्ठतेनं ते बाईंकडे यायला हवं होतं. ते दुसऱ्याच कुणाकडे गेलं. का, ते कुणी बोललं नाही, बाईंनीही विचारलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी एक काम केलं. इस्पितळाच्या तीन महिन्यांत त्यांनी लिहिलेल्या सगळ्या निकालांची यादी काढली. एकशे सतरा भरले. मग त्या रोज तळघरात जाऊन बसू लागल्या. कोर्ट बंद, वर चिटपाखरू नाही. नवराही बरोबर यायचा. त्याला फायलींना हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून तो दाराशी स्टुलावर बसून दम्याच्या कारकुनाला समुद्रप्रवाहांबद्दल सांगायचा. कारकून पहिल्या आठवड्यात वैतागला, दुसऱ्या आठवड्यात प्रश्न विचारू लागला. आत बाई पिशव्यांची सीलं तोडून मूळ कागद पाहायच्या, चिठ्ठी लिहायच्या, पुन्हा सील करायच्या. पाच आठवडे लागले. एकशे सतरांपैकी दोन निकाल आज लिहिले असते तर वेगळे लिहिले असते, असं त्यांना वाटलं. पण चूक म्हणावं असं त्यांत काही नव्हतं. बाकीचे बरोबर होते.

"मग? बरं वाटलं ना?" नवऱ्यानं शेवटच्या दिवशी विचारलं.

बाईंनी विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. "नुसती दमलेय."

पुढची सहा वर्षं त्यांनी काम केलं. महिन्याला चाळीसच्या जागी पंचवीस-सव्वीस निकाल होऊ लागले. ढीग खुर्च्यांवरून जमिनीवर आला. बरोबरचे कुरकुरायचे, आणि त्यांचं चूक नव्हतं, कारण बाईंकडून उरलेलं त्यांच्याकडे जायचं. युक्तिवादात "हे झालं, पुढे" म्हणणं बाईंनी सोडून दिलं. वकील लांबण लावू लागले, सुनावण्या रेंगाळल्या, बाईंच्या पाठीला पट्टा आला. जुन्या वकिलांना कात्रीबाई हे नाव नव्या वकिलांना समजावून सांगावं लागायचं.

मेकॅनिक पुन्हा लिफ्टच्या कामाला गेला नाही. कुठेतरी पाण्याचे पंप दुरुस्त करतो असं कारकुनाकडून बाईंना कळलं, त्याला ते बहिणीनं सांगितलं होतं. ती दर वर्षी कारकुनाला भेटून जायची. बाईंना भेटायला ती कधी वर चढली नाही. ते योग्यच होतं, असं बाईंना वाटायचं.

निवृत्तीनंतर वर्षभरानं त्यांना कायद्याच्या कॉलेजात बोलायला बोलावलं. संध्याकाळचे वर्ग, दिवसभर काम करून आलेली, जांभया आवरणारी मुलं. बाईंनी लिफ्टची सगळी हकीकत सांगितली, या वेळी इस्पितळासकट. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. अंगात दुकानातला गणवेश तसाच होता.

"मॅडम, तुम्ही तेव्हा रजा का नाही घेतली?"

"घेतली असती तर त्या फायली दुसऱ्या कुणा दमलेल्या माणसाकडे गेल्या असत्या, असं तेव्हा वाटलं."

"आणि आता?"

"आता वाटतं, घ्यायला हवी होती."

मुलगी अजून काही ऐकायच्या अपेक्षेनं उभी राहिली. बाईंनी तिला हातानं बसायची खूण केली आणि दुसऱ्या कुणाचा प्रश्न आहे का, म्हणून रांगांवरून नजर फिरवली.